दुपारचा नळ

"झालं की सायेब जेवण! आत्ताच उठले बघा ताटावरनं," निलावती ढवळे म्हणाली आणि तिने पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला.

मधुसूदन टेकाळ्यांनी टॅबवरच्या रकान्यात 'हो'वर बोट टेकवलं. "काय काय होतं?"

"भाकर, तुरीचं वरन, मेथीची भाजी. तोंडी लावायला ठेचा."

मे महिना अर्धा सरला होता. देऊळझरीत मेथी सोडाच, बांधावर गवताची काडीही हिरवी उरली नव्हती. पण टेकाळ्यांनी मेथी लिहिली. गेल्या मे महिन्यातही त्यांनी मेथीच लिहिली होती आणि त्याच्या आदल्या वर्षीही. सांगतील ते लिहायचं, दिसेल ते लिहायचं नाही, हा त्यांच्या खात्याचा पहिला नियम. ज्या घरी माहिती घ्यायची तिथे पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही, हा दुसरा. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन्ही नियम पाळले होते. त्यामुळे वरिष्ठ त्यांच्यावर खूश होते आणि बायको, होती तोवर, नाखूश होती. दिवसभर गावोगाव लोकांना जेवणाचं विचारत हिंडायचं आणि स्वतः उपाशी परत यायचं, ही कसली नोकरी, असं ती म्हणायची.

टेकाळे अन्नगणक होते. ठरलेल्या बारा घरी दर महिन्याला जायचं, आज दुपारी काय खाल्लं ते विचारायचं आणि लिहून पाठवायचं. पूर्वी राज्यात असे चारशे जण होते. आता तिघे उरले होते आणि मराठवाड्यात तर टेकाळे एकटेच. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं.

बाकीच्यांचं काम 'पोषणदृष्टी' करत होती. ही पोषणदृष्टी म्हणजे पुण्यातल्या एका केंद्रात बसलेलं यंत्र. आकाशातल्या उपग्रहांना घराचं छप्पर दिसायचं, शेतातलं पीक दिसायचं. विजेचा मीटर, फोनचा वापर आणि दारातल्या नळाचा मीटर आपापली खबर दर मिनिटाला पाठवायचे. अशा दोनशेएक खुणा यंत्र प्रत्येक घरासाठी गोळा करायचं. पण खुणा गोळा केल्या म्हणून भूक कळते असं नाही. यंत्राला पोट नसतं. त्याला लहान मुलासारखं शिकवावं लागतं: हे घर बघ, इथे आज जेवण झालंय, ते बघ, तिथे नाही. पहिली काही वर्षं चारशे गणकांनी लाखभर घरं फिरून यंत्राला हेच सांगितलं. जेवलेल्या घरांमध्ये कुठल्या खुणा पुन्हापुन्हा येतात ते यंत्राने स्वतःच हुडकून काढलं आणि मग कुणीही दार न ठोठावता राज्यातल्या प्रत्येक घराचं उत्तर ते देऊ लागलं. ते अजून बरोबर सांगतंय ना, हे ताडून बघायला देऊळझरीसारखी थोडी नमुन्याची गावं ठेवली होती.

सगळ्यांत पक्की खूण कुठली निघाली, तर नळ. दुपारी एक ते अडीच या वेळात दारातला नळ चार ते सात लिटर वाहिला की समजावं, घर जेवलं आणि ताटं घासली. शहरात दुपारी घरं बंद, म्हणून तिथे हीच खूण यंत्र संध्याकाळी सात ते साडेआठ बघायचं, आणि एकट्या माणसाच्या घरी लिटरभर पाणीही पुरे धरायचं. हे यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच सापडलं होतं, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचं फार कौतुक. केंद्राचे संचालक डॉक्टर बोकील प्रत्येक भाषणात सांगत, "माणूस एक वेळ खोटं बोलेल हो, नळ कशाला खोटं बोलेल?"

टेकाळे पाणी प्याले, "येतो," म्हणाले आणि निघाले. गावाबाहेर बसथांब्यापाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चष्मा निलावतीच्या ओट्यावर राहिला. ते उन्हात तसेच मागे फिरले.

गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा निलावती दारातल्या नळाखाली बसली होती. तिने तीन ताटं, तीन वाट्या आणि एक पातेलं मांडलं होतं. काथ्याने खसाखसा घासत होती, आवाज गल्लीभर जात होता. समोरच्या दारात सरूबाई गवळणेही तेच करत होती.

"काय केलं गं निले आज?" सरूबाईने हाक मारली.

"मेथी. तुमी, आक्का?"

"वरनच केलं आमीबी."

टेकाळे दोन पावलं पुढे आले आणि थांबले. चष्मा नव्हता तरी दूरचं त्यांना नीट दिसायचं. नालीतून वाहत येणारं पाणी स्वच्छ होतं. ना पिठाचा कण, ना हळदीचा पिवळेपणा. खरकट्यासाठी धावणाऱ्या कोंबड्या तिथून चार हातांवर निवांत बसून होत्या. त्यांना अनुभवाने माहीत असावं. निलावतीने ताट पालथं केलं, धुतलेलंच पुन्हा धुतलं आणि गल्लीतून दिसेल असं भिंतीला टेकवून उन्हात ठेवलं.

टेकाळे खाकरले. ती दचकली. चष्मा उचलताना दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर त्याला उलगडायला वेळ लागला असता. टेकाळ्यांना एक क्षणही लागला नाही, कारण ते स्वतः रोज हेच करत होते.

जालन्यात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. बायको सुलभा जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिले काही महिने त्यांनी कुकर लावून पाहिला. एकट्यासाठी लावलेला कुकर माणसाला फार ऐकू येतो. मग डबा लावला, तो बंद केला. आता संध्याकाळी साडेसातला ते खिडकीशी उभ्यानेच चार बिस्किटं खात, नाहीतर मूठभर मुरमुरे. त्यानंतर एक ताट, एक वाटी काढून नळाखाली धरत आणि ओली करून ठेवत. सकाळी चंद्रकलाबाई कामाला यायच्या. ताट कोरडं दिसलं असतं तर त्यांनी खालच्या मजल्यापर्यंत बातमी पोचवली असती की साहेब रात्रीचे जेवत नाहीत, आणि मग कुणाच्या तरी घरून सहानुभूतीची खिचडी आली असती. ती टेकाळ्यांना नको होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पूर्वी त्या वेळेला ओवीचा फोन यायचा. ओवी त्यांची एकुलती एक मुलगी, नोकरीला हैदराबादला. "बाबा, जेवलात?" "झालं." "काय केलं होतं?" मग टेकाळे काहीतरी सांगत. बहुधा मेथीच.

पण पोषणदृष्टीचा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. सरकारी माहिती जनतेपासून लपवू नये, हा हेतू चांगलाच होता. प्रत्येक घरावर एक टिंब. जेवलेल्या घरावर हिरवं, न जेवलेल्यावर लाल. पाठोपाठ इतर राज्यांनीही आपापले नकाशे काढले. ओवीने वडिलांचं टिंब आपल्या फोनवर लावून घेतलं आणि आपलं त्यांच्या फोनवर लावून दिलं. सुरुवातीला ती "हिरवं दिसलं, बरं वाटलं" असा निरोप पाठवायची. मग नुसतं हसरं तोंड. मग रविवारी फोन, मग सणावारी. टेकाळे तिला दोष देत नसत. ज्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर मिळतं, तो प्रश्न कोण कशाला विचारत बसेल? पण साडेसात वाजले की त्यांची नजर फोनकडे जायची, आणि फोन गप्प असायचा. त्यांना फार एकटं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तसं विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

त्या संध्याकाळी ताट हातात घेऊन टेकाळे नळाशी उभे राहिले आणि त्यांना निलावतीची तीन ताटं आठवली. आपल्या डब्यात पीठ आहे, तांदूळ आहेत. आपण नाटक करतो ते कंटाळ्याचं. ती कशाचं करते?

दुसऱ्या दिवशी आदेश आला. देऊळझरी सलग चोवीस महिने हिरवी असल्यामुळे एक जूनपासून गावाचा शिधा बंद. शिधा म्हणजे माणशी महिन्याला पाच किलो ज्वारी आणि किलोभर डाळ. खाली शेरा होता: 'क्षेत्रीय पडताळणी, म. टेकाळे. यंत्राशी जुळणी शहाण्णव टक्के.'

त्यांनी बोकिलांना फोन लावला.

"अभिनंदन, टेकाळे! शहाण्णव टक्के! राज्यात इतकी जुळणी कुठे नाही. तुमचा सत्कार करायचं चाललंय आमचं."

"साहेब, तिथे लोक जेवत नाहीत."

"तुम्हीच तर लिहिलंय, जेवतात."

"ते सांगतात तसं लिहिलं. ताटं नुसतीच धुतात साहेब, कोरडी ताटं."

बोकील माणूस वाईट नव्हता. "हे बघा, एखादं घर असेल तसं. पण गावाकडे बघा ना. बॅटरीचा कारखाना आला, मालवाहतुकीचं केंद्र आलं, चौपदरी रस्ता झाला. आठ वर्षांत जिल्ह्याचं उत्पन्न तिप्पट झालंय. सगळी छपरं कशी चमकतायत! आणि अशा ठिकाणी लोक उपाशी?"

छपरं चमकत होती हे खरं होतं. कारखान्याने त्यांच्यावर सौरपत्रे बसवले होते आणि ती वीज सरळ कारखान्यात जात होती. कारखान्यात साठ माणसं कामाला होती, बाकी सगळी यंत्रं. देऊळझरीची त्यात दोन, दोघेही फाटकावर. जमिनी गेल्या, शेतावरची मजुरी गेली, निलावतीचा नवरा गुजरातेत इमारतींच्या कामावर गेला आणि तिथेही भिंती यंत्रं बांधू लागल्यावर त्याच्याकडून येणारं आटत गेलं. जिल्हा श्रीमंत झाला होता, यात खोटं काही नव्हतं. जिल्ह्यातलं कोण, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

"त्यांच्या तोंडून 'नाही' आलं तर मी थांबवतो," बोकील म्हणाले. "बारांपैकी निदान चार घरं. माझ्या हातात तेवढंच आहे."

टेकाळे पुढच्या बसने देऊळझरीला गेले. घाईत सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. दुपारी बाराचं ऊन, आणि निलावतीचा ओटा. ती दारात उभी राहिली. आत तिची सासू झोपली होती.

"निलावतीबाई, एक जूनपासून शिधा बंद होतोय," त्यांनी सरळच सांगितलं. "माझ्या कागदामुळे होतोय. तुम्ही खरं सांगितलंत तर थांबेल. काल तुम्ही जेवला होतात का?"

तिचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "सांगितलं न्हवं काल? झालं हुतं जेवण."

"मी पाहिलं बाई."

"पाहिलं असंल. म्या सांगनार न्हाई." तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज लहान केला. "कोमलची सोयरीक आलीया अंबडाकडनं. आता लोकं घर बघाया येत न्हाईत सायेब, टिंब बघतेत. लाल टिंबाच्या घरची पोरगी कोन करंल? अन् ह्या म्हातारीला वाटतं सून दोन्ही टायमाला खाती. संध्याकाळी शिध्याची भाकर करते, ती तिला अन् पोरीला देते. म्हातारीला कळलं तर ती तिची अर्धी मोडून देईल मला. मग?"

एकतीस वर्षं टेकाळे विचारत आले होते, 'जेवण झालं का?' आणि या मुलखात त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. दारात आलेल्या माणसाला भूक सांगायची नसते. 'झालं' म्हणायचं असतं. हजारो घरांनी रीतीप्रमाणे 'झालं' म्हटलं, त्यांनी रीतीप्रमाणे लिहिलं, आणि यंत्राने त्यावरून शिकून घेतलं की भुकेलं घर म्हणजेच भरलेलं घर. कुणीच लबाडी केली नव्हती. सगळे अब्रूने वागले होते.

त्यांनी उठायला ओट्यावर हात टेकला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ते परत खाली बसले.

"काय झालं ओ सायेब? पानी देऊ?"

"पाणी नको," टेकाळे म्हणाले. मग स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. "मी जेवलेलो नाही. कालही नाही. भूक लागलीय बाई. चतकोर भाकरी असली तर द्या."

असं ते जन्मात कुणाला म्हणाले नव्हते. निलावती पाहतच राहिली. सरकारी माणूस, पांढरे केस, आणि दारात बसून भाकरी मागतो. आता तिच्यापुढे दुसरीच पंचाईत उभी राहिली. 'झालं' म्हणून स्वतःची भूक झाकता येते, पण मागणाऱ्याला काय सांगायचं? दारातून कुणाला उपाशी धाडायचं नसतं.

"बसा. आलेच म्या," ती म्हणाली. वाटी पदराआड धरून ती मागच्या दाराने बाहेर पडली. घरात पीठ नसलं की शेजारणीकडून वाटीभर आणायचं, पाहुण्याला कळू द्यायचं नाही, ही युक्ती तिच्या आईच्याही आधीची होती.

टेकाळे बसून राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. निलावती परत आली तेव्हा वाटी रिकामी होती आणि ती आता पदराआड नव्हती, उघडी हातात होती.

"सरूआक्काकडं गेले," ती म्हणाली. "तिच्याकडं न्हाई. म्हटलं, आक्का, काल तर वरन केलतं. तर ती रडाया लागली. तीबी निस्ती ताटं धुती सायेब. मला वाटायचं, सगळी गल्ली जेवती, म्याच एक उपाशी. म्हणून म्या धुवायचे. ती माझं बघून धुवायची." ती चौकटीला धरून खाली बसली. "दोन वर्सं झाली. समोरासमोर दारं आमची."

मग सरूबाई आली, डोळे पुशीत. तिच्या मागून कडेच्या घरातली म्हातारी मथुराबाई आली, तिच्या डब्यात तळाला मूठभर पीठ होतं. आणखी एका घरातून मूठभर आलं. सगळं मिळून दोन भाकरी झाल्या. निलावतीने त्या ताटात घालून टेकाळ्यांपुढे ठेवल्या, वर ठेच्याची गोळी. सहा बायका ओट्याभोवती बसल्या होत्या. टेकाळ्यांनी एका भाकरीचे तुकडे केले, एक स्वतः घेतला आणि ताट पुढे सरकवलं. आधी कुणी हात लावेना. मग मथुराबाई म्हणाली, "मला तर बाई लई भूक लागलीया," आणि तिने तुकडा उचलला. त्यानंतर ताट फिरलं.

दुसरी भाकरी निलावतीने आत नेऊन म्हातारीला दिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "लिव्हा सायेब. न्हाई जेवले."

संध्याकाळपर्यंत टेकाळ्यांनी बाराही घरं पुन्हा केली. नऊ घरांनी 'नाही' सांगितलं. त्यांना वाटलं, जमलं. फॉर्मच्या शेवटी नेहमीचा प्रश्न होता: गणकाने या घरी काही खाल्लं काय? ढवळ्यांच्या घराखाली त्यांनी 'हो' लिहिलं, आणि पाठवून दिलं.

तासाभरात उत्तर आलं. नमुना अग्राह्य. गणकाचा कुटुंबांशी अन्नव्यवहार झाल्याने सर्व बारा नोंदी रद्द.

"अहो, तिथे 'नाही' लिहायला काय झालं होतं तुम्हाला?" बोकील फोनवर अक्षरशः कळवळले.

"बायकांनी खरं सांगितलं साहेब. मग मीच तेवढं खोटं कसं लिहू?"

"आता माझा नाइलाज आहे. तुम्हाला तिथे तीन महिने जाता येणार नाही. तोवर यंत्र सांगेल तेच."

टेकाळ्यांनी निलावतीला फोन करून सगळं सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती. ती ऐकत होती, मधूनच कुणाला तरी मोठ्याने सांगत होती, म्हणजे आजूबाजूला बायका होत्या.

"म्हंजे ते यंत्र तुमचं ऐकत न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"मग कुनाचं ऐकतं?"

"तुमच्या नळाचं," टेकाळे म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांनाच ते पहिल्यांदा नीट दिसलं. "दुपारी नळ वाहिला की ते म्हणतं, जेवण झालं."

पलीकडून सरूबाईचा आवाज आला, "आगं बाई! म्हंजे आपुनच की!"

"कोमलच्या सोयरिकीचं काय?" टेकाळ्यांनी विचारलं.

निलावतीने जरा विचार केला असावा. "माझं एकटीचं लाल असतं तर मोडली असती," ती म्हणाली. "समद्या गावाचं लाल झालं तर कोन कुनाला हसनार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळझरीत एकही नळ वाजला नाही. बायकांना ते जड गेलं. एक वाजला की हात आपोआप ताटांकडे जात. मथुराबाई तर म्हणे हात मांडीखाली घालून बसली होती. ज्या तीन घरांत खरोखर जेवण झालं, त्यांनी ताटं संध्याकाळवर ढकलली. टेकाळे आपल्या फ्लॅटमध्ये नकाशा उघडून बसले होते. अडीचला गावातली टिंबं एकेक करून लाल होत गेली.

बायकांनी आपापल्या माहेरी फोन केले. तिसऱ्या दिवशी शेजारची चार गावं लाल झाली. पाचव्या दिवशी एकेचाळीस. त्यात अंबडाकडचं ते गावही होतं. मुलाच्या आईचाच निलावतीला फोन आला. आधी ती इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "ईनबाई, आमच्याकडंबी तसंच हाय बगा. लगीन साध्यातच करू."

सहाव्या दिवशी बोकिलांचा फोन आला. "टेकाळे, मीटरांत काहीतरी मोठा बिघाड दिसतोय."

"मीटर चांगले आहेत साहेब."

"मग लोक करतायत तरी काय?"

"काही नाही. जेवलेले नाहीत, म्हणून ताटं धूत नाहीत."

लाल गावाचा शिधा बंद करता येत नाही, असा नियम यंत्रातच घातलेला होता. एक जूनचा आदेश कुणी रद्द केला नाही. तो आपोआप थांबला. बोकिलांनी सगळ्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या आणि टेकाळ्यांच्या सत्काराचं पुन्हा कुणी काढलं नाही.

त्या संध्याकाळी साडेसातला टेकाळ्यांनी सवयीने ताट काढलं, वाटी काढली आणि नळाशी आले. तोटीवर हात ठेवला. देऊळझरीच्या बायकांची भूक आणि आपली ही, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे डबे रिकामे होते, आपले भरलेले आहेत. पण सगळ्या मुलखाने नळ बंद ठेवलेला असताना आपण एकट्याने कोरडं ताट भिजवायचं, हे त्यांच्याच्याने होईना. त्यांनी ताट तसंच ओट्यावर ठेवलं आणि खुर्चीत येऊन बसले. सकाळी चंद्रकलाबाई काय म्हणायचं ते म्हणोत.

साडेआठला फोन वाजला. ओवी होती. सण नव्हता, रविवारही नव्हता.

"बाबा, तुमचं टिंब लाल झालंय. नळ बिघडलाय का?"

"नळ चांगला आहे."

"मग? जेवला नाहीत?"

'झालं' हा शब्द जिभेवर तयारच होता. सहा वर्षं तो तिथेच बसून होता. टेकाळ्यांनी तो गिळला.

"नाही गं. जेवलो नाही. बरेच दिवस झाले, संध्याकाळचं जेवत नाही मी. एकट्याला जेववत नाही."

टेकाळ्यांना पलीकडून पाण्याचा आवाज ऐकू आला. हैदराबादच्या कुठल्याशा मजल्यावर, तिच्या स्वयंपाकघरात, नळ वाहत होता आणि पाणी एखाद्या ताटावर पडावं तसं वाजत होतं. एकच ताट. ते कान देऊन ऐकत राहिले.

मग तिकडचा नळ बंद झाला.

"मी पण नाही, बाबा," ओवी म्हणाली.

टेकाळे उठले. फळीवरचा तांदळाचा डबा त्यांनी एका हाताने खाली काढला. "फोन ठेवू नको," ते म्हणाले. "तू पण तांदूळ काढ. दोघांचा भात होईपर्यंत ठेवू नको."